सिंहगड ज्या चुलीवर शिजला, ती चूल बघून आलो (मॉरिशस + रियुनियन)

विभाग: भटकंती

कातळवेडा | रविवार, रात्री ९.५०

मंडळी, नमस्कार.

मॉरिशसला जातोय म्हटल्यावर सोसायटीत दोनच प्रश्न आले. "लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर हनिमून?" आणि "ऐन गणपतीत पुणं सोडून?" दोन्हीला माझं उत्तर एकच होतं, दगड बघायला चाललोय. त्यावर जे हसले ते अजून हसताहेत.

गोष्ट जुनी आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी कात्रजच्या जुन्या घाटात आमच्या ट्रेकच्या टोळक्याला भूगर्भशास्त्राच्या एका सरांनी थांबवलं. रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यात दोन काळ्या थरांच्या मधे विटेच्या रंगाचा पट्टा होता. खालचा लाव्हा निवला, त्यावर माती धरली, मग वरून दुसरा लोट आला आणि ती माती भाजली, असं सरांनी सांगितलं. आणि जाता जाता म्हणाले, ज्या चुलीवर हे शिजलं ती अजून पेटलेली आहे. पण ती इथे नाही, मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटाखाली. ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चूल एका जागी आणि वरची पोळी सरकतेय असं समजा. ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग बराच दक्षिणेला होता, तेव्हा त्या चुलीवरून गेला आणि लाव्ह्याचे लोटच्या लोट बाहेर आले. तो आपला दख्खन. पोळी उत्तरेला सरकत राहिली आणि तिच्यावर डागांची रांग उमटली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस, आणि आज चुलीच्या तोंडावर रियुनियन. मॉरिशस साधारण ऐंशी लाख वर्षांचं, म्हणजे थंड झालेलं. रियुनियनने समुद्राबाहेर डोकं काढलं त्याला सुमारे वीस लाख वर्षं झाली, आणि त्याचा एक ज्वालामुखी आजही धडधडतो.

आमच्या एजंटाने रियुनियनचं नाव दोनदा विचारलं. "तिथे काय आहे साहेब? त्यापेक्षा दुबई जोडून देतो." शेवटी सगळं स्वतःच केलं.

मॉरिशसच्या किनाऱ्यांबद्दल लिहीत नाही. पाणी निळं आहे, वाळू पांढरी आहे, फोटो तुम्ही पाहिलेले आहेत.

पहिली चढाई 'ल पूस'. उंची ८१२ मीटर. फ्रेंच नावाचा अर्थ अंगठा! आणि दिसतो पण तसाच, मुठीतून वर काढलेला. नाणेघाटावरच्या नानाच्या अंगठ्यावर बसून पोहे खाल्लेल्या माणसाला समुद्रापार दुसरा अंगठा भेटावा याचा आनंद मी बायकोला समजावू शकलो नाही. पायथ्याशी उसाची शेतं, पुढे दाट झाडी, मग एक सपाट पठार आणि शेवटी जरा हात लावून चढायचा कातळटप्पा. दीड तासात वर. एका बाजूला पोर्ट लुईचं बंदर, दुसऱ्या बाजूला 'पीटर बोथ' हा ८२० मीटरचा सुळका, डोक्यावर भलाथोरला धोंडा घेऊन उभा. पाण्याचा हंडा घेतलेली बाई वाटते. याच अंगठ्यावर १८३६ साली चार्ल्स डार्विन चढला होता. त्याचं जहाज परतीच्या वाटेवर इथे थांबलं होतं.

वर बसल्यावर एक गंमत झाली. सूर्य भलत्याच बाजूला. आपण दक्षिण गोलार्धात, त्यात तिथला हिवाळा, त्यामुळे दुपारचा सूर्य उत्तरेला कललेला. पंचवीस वर्षं सावली बघून दिशा ओळखायची सवय, ती पार उलटीपालटी झाली. पुणे विषुववृत्ताच्या जितकं वर, जवळपास तितकीच ही बेटं खाली आहेत.

क्युरपीप गावात 'त्रू ओ सेर्फ' नावाचं विवर आहे, ऐंशीएक मीटर खोल, आत झाडी आणि तळाशी थोडं पाणी. तळजाईवर जसे लोक सकाळी फेऱ्या मारतात तसे क्युरपीपचे लोक विवराच्या काठाने मारतात. दोन आजोबा तावातावाने काहीतरी भांडत चालले होते. भाषा क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली), सूर अस्सल आपला.

शामारेलची सात रंगांची माती बघितली. बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, कुजून लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात, त्यांचे हे रंग. म्हणजे आपल्या जांभ्याच्याच घराण्यातली गोष्ट. कुंपणाबाहेरून ढिगारे बघायचे आणि तिकीट काढायचं. पाचगणीच्या टेबललँडवर लहानपण गेलेल्या माणसाला काय कौतुक. त्याच रस्त्यावरचा धबधबा मात्र थांबून बघा, काळ्याभोर कड्यावरून सरळ खाली पडतो.

सातव्या दिवशी विमानाने रियुनियन. पाऊण तास. उतरलो ते थेट फ्रान्समध्ये, कारण बेट फ्रान्सचा भाग आहे. चलन युरो, गाडी रस्त्याच्या उजवीकडून. मॉरिशसमध्ये आपल्यासारखी डावीकडून चालवत होतो, त्यामुळे पहिल्या तीन चौकांत बायकोने देवाचं नाव घेतलं.

ज्वालामुखीचं नाव 'पितों द ला फुर्नेझ', भट्टीचं शिखर. उंची २,६३२ मीटर. पहाटे चारला निघालो. बूर-म्युरा गावापर्यंत हिरवी कुरणं, गाई, धुकं, पाचगणी-महाबळेश्वर म्हणा. मग एक वळण आलं आणि हिरवा रंग संपला. 'प्लेन दे साब्ल', तांबूस-काळ्या राखेचं मैदान, मधून एक कच्चा रस्ता, बाकी काही नाही. बायको पहिल्यांदाच गप्प झाली.

रस्ता संपतो तिथली उंची २,३११ मीटर. कळसूबाईच्या डोक्यावर आणखी ६६५ मीटर ठेवा, तिथे यांचं गाड्यांचं पार्किंग. ऑगस्टचा शेवट, गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा. समोर कडा सरळ तुटलेला आणि खाली काळा समुद्र. पाण्याचा नव्हे, लाव्ह्याचा. पायऱ्यांनी कडा उतरायचा आणि त्या काळ्या तळावरून चालत मुख्य शंकूकडे जायचं. उतरल्याबरोबर 'फॉर्मिका लिओ' लागतो, लालसर राखेचा बुटका शंकू, मुंगळ्याच्या वारुळासारखा.

आणि मग चालणं. वाट अशी नाहीच, दगडावर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारलेत, त्यांच्या मागे मागे जायचं. पायाखाली कधी साखरेच्या पाकासारखा गुळगुळीत लाव्हा, घड्या पडलेला, सुतळीचे पीळ एकाशेजारी एक ठेवल्यासारखा. कधी नुसता भुगा आणि धारदार चिपा. हे दोन्ही प्रकार आपल्याकडे आहेत, पण सहा कोटी पावसाळ्यांनी त्यांच्या कडा मोडल्यात. इथे तो ताजा होता. हात लावला की काचेसारखा चुरचुरतो. मी खाली बसून अर्धा तास नुसता दगड चाचपत होतो.

काठावर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. दोलोम्यू विवर. एप्रिल २००७ मध्ये पोटातला लाव्हा बाजूने बाहेर गेला आणि पोकळ झालेला तळ तीनशे मीटरहून जास्त खचला. आता ते एक अजस्र भगदाड आहे. आत थरावर थर. काळा, तपकिरी, लाल, परत काळा. कात्रजच्या घाटात हातभर दिसलेलं इथे आख्ख्या भिंतीभर होतं. भिंतीतून एक-दोन ठिकाणी वाफ येत होती. उद्रेक नव्हता, लाल लाव्हा मी पाहिला नाही, उगाच थाप मारत नाही.

बाकी प्रतिसादांत लिहीन. फोटो चढवायचा प्रयत्न तीनदा फसलाय.

रानवाटसरू | रविवार, रात्री १०.१५

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)! वाखुसा (वाचनखूण साठवली). दोन अंगठ्यांचा फोटो शेजारी शेजारी लावा राव, काहीही करून.

नारायणपेठकर | रविवार, रात्री १०.४०

लेख बरा आहे. पण भट्टीचं शिखर बघायला सहा तास विमानात बसायची गरज नव्हती. मे महिन्यात दुपारी आमच्या गच्चीवर या, चप्पल काढून उभे राहा. नाणेघाटात पोहे खाल्ले तर कागद खाली आणला होता का?

कातळवेडा | रविवार, रात्री १०.५२

आणला होता. आणि तुमच्या गच्चीला तिकीट नसेल तर जरूर येतो.

निवृत्त खडूफळा | सोमवार, सकाळी ७.०५

वाचून आनंद झाला. तीस वर्षं हा विषय शिकवला, म्हणून तीन-चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. रागावू नये.

एक. तुमचं चुलीचं उदाहरण चालेल, पण वाचणाऱ्याचा असा समज होईल की सिंहगड हा एखादा ज्वालामुखी होता. तसं नाही. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला आणि थराथराने पसरला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे. आपले कडे, सुळके, माची हे सगळं नंतर पावसाने आणि नद्यांनी कोरलेलं. शंकू, विवर वगैरे इथे शोधू नका. रियुनियनला जे दिसतं ते ढालीसारखं पसरत वर चढलेलं आहे. चूल एक असेल, पदार्थ वेगळे.

दोन. तुम्ही पाहिलेले ल पूस आणि पीटर बोथ हेसुद्धा ज्वालामुखीची तोंडं नाहीत. मॉरिशसचा मूळ ज्वालामुखी झिजला, त्याच्या काठाचे उरलेले तुकडे म्हणजे हे डोंगर. म्हणून नानाचा अंगठा आणि तो अंगठा यांचं नातं तुम्हाला वाटतं त्याहून जवळचं आहे. दोघंही झीज झाल्यावर उरलेले.

तीन. तो लाल पट्टा म्हणजे सगळीकडे भाजलेली मातीच असते असं नाही. कुठे राख असते, कुठे नुसतीच कुजलेली वरची कातडी. तुमच्या सरांनी घाटात उभं राहून सोपं करून सांगितलं, ते योग्यच केलं. आणि चुलीचा सिद्धांत बहुमान्य असला तरी त्यावर वाद घालणारे भूशास्त्रज्ञही आहेत, हे विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे.

मॉरिशसच्या दक्षिणेला रॉचेस्टरचा धबधबा पाहिलात का? तिथे बेसॉल्टचे उभे खांब आहेत, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे चुलतभाऊ. आणि २०१७ साली मॉरिशसच्या एका खडकात झिरकॉन या फार टिकाऊ खनिजाचे कण सापडल्याचा शोधनिबंध आला, त्यातले काही तीनशे कोटी वर्षांचे. बेट ऐंशी लाख वर्षांचं आणि त्याच्या पोटात एवढा म्हातारा कण! खाली बुडालेल्या जुन्या खंडाचा तुकडा असावा आणि लाव्ह्याने वर येताना तो खरवडून आणला असावा, असं त्यांचं म्हणणं. वर्गात हे सांगताना मला दरवेळी काटा यायचा.

अवांतर: दगडांचं एवढं वेड आहे तर वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हनसाइट पाहिलंय का? मोरपंखी निळ्या रंगाचं खनिज. परदेशातले संग्राहक त्यासाठी जीव टाकतात आणि आपण तिथून रोज गाडी दामटतो.

कातळवेडा | सोमवार, सकाळी ९.३०

सर, रागावणं कसलं, तुमच्यासाठीच तर लिहिलं! "झीज झाल्यावर उरलेले" हे वाचून ऑफिसात काम सुचत नाहीये. रॉचेस्टरला गेलो होतो. पोरं वरून पाण्यात उड्या मारत होती, त्यामुळे खांब बाजूला राहिले आणि आमचं लक्ष पोरांकडेच. वाघोलीचं माहीत नव्हतं. लाज वाटली.

मृण्मयी_कोथरूड | सोमवार, दुपारी १२.२०

दादा, छान लिहिलंय, पण माझा प्रश्न अगदी संसारी आहे. सासूबाई एकाहत्तर, सासरे पंचाहत्तर, सासूबाईंचे गुडघे नावापुरते. दोघं पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मुलगा चौदा वर्षांचा, त्याला 'काहीतरी डेंजर' हवंय. एकाच सहलीत जमेल का? आणि व्हिसाचं काय?

कातळवेडा | सोमवार, दुपारी २.१०

ताई, मॉरिशस जमेल, डोळे मिटून. रियुनियन मात्र आई-बाबांसाठी नको.

व्हिसा: मॉरिशसला भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहण्याचे कागद जवळ ठेवा. रियुनियन फ्रान्सचं असलं तरी शेंगेन क्षेत्रात (युरोपातल्या देशांच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात) नाही, त्यामुळे शेंगेनचा शिक्का आहे म्हणजे झालं असं समजू नका, वकिलातीकडून नीट विचारून घ्या. आमचा त्यात दीड महिना गेला.

खाणं: धोल पुरी. चण्याची डाळ भरलेली पातळ पोळी, वर घेवड्याची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी. पुरणपोळीतला गूळ काढून घेतला आणि तिला रस्त्यावर उभं केलं असं समजा. जोडीने देतात, एक मागितली तर गाडीवाला विचित्र बघतो. गातो पिमां म्हणजे आपला डाळवडाच. सासरे खूष होतील. रियुनियनला शाकाहारी माणसाचे हाल आहेत, आम्ही थालीपिठाच्या भाजणीवर दिवस काढले.

न चालता बघण्यासारखं: पाँपलमूसची बाग, तिथे परातीएवढ्या पानांची कमळं आहेत. त्रू ओ सेर्फला गाडी थेट काठापर्यंत जाते. आणि गंगा तलाव, तोही ज्वालामुखीच्या विवरातलाच. रस्त्यावर १०८ फुटांचे मंगल महादेव उभे आहेत. सासूबाईंना तिथे तास-दोन तास द्या, घाई करू नका.

चिरंजीवांना ब्लॅक रिव्हर गॉर्जेस अभयारण्यात पाठवा, बेटावरचं सगळ्यात उंच शिखर तिथेच आहे, ८२८ मीटर. नाहीतर सात धबधब्यांच्या घळीत दोराने उतरवणारे असतात, ते करू दे. पण वाटाड्या घेऊनच, दगड शेवाळलेले असतात. साप चावायची भीती नाही, विषारी साप दोन्ही बेटांवर नाहीत. समुद्रात उतरताना मात्र सगळ्यांच्या पायात रबरी बूट हवेत, सागरी काटेऱ्या (काटेरी गोळ्यासारखे प्राणी) आणि दगडमासा खाली असतात. दगडमासा हुबेहूब दगडासारखा दिसतो. माझ्यासारख्याला तर तो मुद्दाम हात लावायला बोलावतो.

जानेवारी ते मार्च टाळा, चक्रीवादळांचे दिवस.

बंदरावरचा | सोमवार, रात्री ८.४५

कामानिमित्त तीन वर्षं पोर्ट लुईला होतो, आता औंधात. कातळवेडा, दगडांवर पंधरा परिच्छेद आणि माणसांवर एक धोल पुरी? अहो, तिथे मराठी माणसं आहेत! तुम्ही गणपतीतच गेलात ना?

इतरांसाठी सांगतो. गुलामगिरी बंद होणार म्हटल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून करारावर भारतातून माणसं नेली. २ नोव्हेंबर १८३४ ला आलेल्या मजुरांची आठवण म्हणून त्या तारखेला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. ज्या बंदरावर ती उतरायची तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. दगडी पायऱ्या आणि काही खोल्या, एवढंच उरलंय. माझ्या ऑफिसातून चालत दहा मिनिटं. मी पहिल्या वर्षी गेलोच नाही, कारण "जाऊ कधीतरी".

त्यांतले बरेच मराठी लोक रत्नागिरीकडचे. घरात आता क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकतात, आरत्या तोंडपाठ. गणेश चतुर्थीला आख्ख्या देशाला सुट्टी. कोकणातला जाखडी नाच तिथे झाकरी म्हणून जिवंत आहे. माझ्या शेजारच्या आजींना पुणं माहीत नव्हतं, मुंबई ऐकून होत्या, पण "सुखकर्ता"ची चाल जरा बदलून म्हटली तर लगेच थांबवायच्या.

कातळवेडा | सोमवार, रात्री ९.२०

मारा, मारा. चूक कबूल.

गेलो होतो, कास्कावेल गावात. लिहिलं नाही कारण नीट लिहिता येईना. विसर्जनाची मिरवणूक. बायका नऊवारीत, ढोलकी, टाळ, आणि ध्वनिक्षेपकाची भिंत कुठेही नाही. एका मुलाने मला क्रिओलमध्ये काहीतरी विचारलं, मला कळेना, मी मराठीत बोललो, त्याला कळेना. मग आरती सुरू झाली आणि दोघंही एकाच वेळी टाळ्या वाजवायला लागलो. मूर्ती पाण्यात गेली तेव्हा "पुढच्या वर्षी लवकर या" हे इतकं स्वच्छ ऐकू आलं की बायको रडली. मी नाही रडलो.

कातळवेडाची बायको | सोमवार, रात्री १०.०५

खातं आजच उघडलं. रडले दोघंही.

आणि आता ज्वालामुखीवरून परत येतानाचं, जे ह्यांनी सोयीस्करपणे 'बाकी प्रतिसादांत' ठेवलंय. साडेदहाला धुकं आलं. दहा पावलांवरचं दिसेना. तिथे सगळीकडे लिहिलंय, पांढरे ठिपके सोडू नका. ते ठिपके धुक्यासाठीच मारलेत. पण ह्यांना एक लाव्ह्याचा पापुद्रा "फक्त पाच मिनिटं" बघायचा होता. "सिंहगड मी डोळे मिटून उतरतो," इति. मग पाय सटकला, तळहात टेकला आणि किसणीवर घासल्यासारखा सोलला. ठिपका सापडायला वीस मिनिटं लागली, तीही मी शिट्टी वाजवली आणि समोरून कोणीतरी वाजवली म्हणून. सत्तरीच्या एक फ्रेंच आजी होत्या. त्यांनी पट्टी बांधली आणि ह्यांना फ्रेंचमध्ये जे सुनावलं ते मला शब्द न कळता सगळं कळलं.

तेव्हा जाणाऱ्यांनी: हातमोजे, शिट्टी, दोन लिटर पाणी, गरम कपडे. पहाटे निघा, दुपारच्या आत परत या. ज्वालामुखीची वेधशाळा तिथे १९७९ पासून आहे. लक्षण दिसलं की खाली उतरायचं फाटक बंद करतात. बंद असेल तर हुज्जत घालू नका. (हे घातली असती.)

मला सगळ्यात काय आवडलं ते ह्यांना आठवणारही नाही. व्हॅनिलाची बाग. मेक्सिकोतून आणलेला वेल बेटावर वाढायचा पण शेंग धरेना, कारण परागीभवन करणारी माशी तिथे नव्हती. १८४१ साली एदमों आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडी आणि अंगठा वापरून ते हाताने करून दाखवलं. आज जगभर तीच पद्धत. बागेतल्या बाईने करून दाखवलं, पाच सेकंदांचं काम. अंगठ्यांबद्दल एवढं लिहिलं, हा अंगठा राहिला की!

रानवाटसरू | सोमवार, रात्री १०.१२

वहिनींना स्वतंत्र धागा काढू द्या. +१

नारायणपेठकर | सोमवार, रात्री १०.३०

वहिनींशी सहमत. कागद खाली आणल्याबद्दलही आता शंका येते आहे.

पावसाळी बेडूक | मंगळवार, सकाळी ८.१५

बेटाबिटाचं कौतुक ठीक आहे, पण पाऊस म्हटला की ताम्हिणी. आमचं रेकॉर्ड कोणी मोडून दाखवा.

कातळवेडा | मंगळवार, सकाळी ८.४०

बेडूकराव, बसून वाचा. जानेवारी १९६६ मध्ये रियुनियनच्या फोक-फोक या जागी चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्याची वर्षाची सरासरी सातशेच्या आसपास, म्हणजे आपला अडीच वर्षांचा पाऊस एका दिवसात. फेब्रुवारी २००७ च्या चक्रीवादळात त्याच बेटावर एका विवराजवळ तीन दिवसांत ३,९३० मिलिमीटर. दोन्ही जागतिक विक्रम. समुद्रावरून आलेलं वादळ तीन हजार मीटरच्या डोंगराला धडकतं आणि सगळं तिथेच ओततं. घाटमाथ्याला जे होतं तेच, पण भिंत दुप्पट उंच.

त्या पावसाने कोरलेल्या तीन प्रचंड खोऱ्यांपैकी माफाते खोऱ्यात गाडीरस्ताच नाही. लोक राहतात, शाळा आहे, पण चालत जा नाहीतर हेलिकॉप्टरने. आम्ही वरूनच पाहिलं. पुढच्या वेळी पाठीवर सामान टाकून तीन दिवस तिथेच.

पावसाळी बेडूक | मंगळवार, सकाळी ८.५५

डराव. हरलो.

सागरवेल | मंगळवार, दुपारी ४.३०

मॉरिशसचा ल मोर्न डोंगर चढलात का? मी गेल्या वर्षी गेले होते. ५५६ मीटर, शेवटचा टप्पा चांगलाच उभा, दोर धरून. वरून समुद्रातले निळे पट्टे दिसतात, सगळे त्यासाठीच जातात.

पळून आलेले गुलाम त्या कड्यांच्या आडोशाला राहायचे. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई आले, ते आपल्याला पकडायलाच आलेत असं वाटून कित्येकांनी कड्यावरून उड्या मारल्या, अशी कहाणी तिथे सांगतात. कहाणी किती खरी ते बाजूला ठेवा. आमचा वाटाड्या ती सांगताना कड्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे पूर्वज मोझांबिकचे. नंतर कोणी सेल्फी काढला नाही. २००८ पासून तो डोंगर जागतिक वारसा आहे, तो त्या निळ्या पाण्यासाठी नव्हे.

कातळवेडा | मंगळवार, सायंकाळी ६.१०

नाही चढलो. त्या दिवशी वारा फार होता, पायथ्याच्या स्मारकापर्यंत जाऊन आलो. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

मृण्मयी_कोथरूड | रविवार, दुपारी १.१५

धागा वर काढतेय. तिकिटं काढली, मे महिन्यातली, फक्त मॉरिशस. आज सकाळी मुलाला घेऊन कात्रजच्या जुन्या घाटात गेले होते, तो लाल पट्टा शोधायला. सापडला! त्याने नखाने खरवडला, बोटं लाल झाली, तीच पँटला पुसली. आता तो विचारतोय की वाघोलीला कधी जायचं. खडूफळा सर, निळा दगड बघायला खाणीत सोडतात का हो?

निवृत्त खडूफळा | रविवार, दुपारी ३.४०

परवानगीशिवाय आत जाऊ नका, सुरुंग लावतात. माझ्याकडे दोन नमुने आहेत. मुलाला घेऊन घरी या, निरोपातून पत्ता पाठवतो. पँट साबणाने धुऊ नका, आधी लिंबू चोळा.